हरकती व सूचना : नगररचनेतील एका नागरी सेवेचे परीक्षण

राहत्या भागातील बांधकामाचे नियम बदलायचे असतील, तर त्याआधी नागरिकांकडून हरकती व सूचना मागवाव्यात, अशी तरतूद महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यात आहे. या तरतुदीचा वापर करणारा नागरिक हा खरे तर एका सेवेचा ग्राहकच असतो. तो नकाशांच्या प्रतींचे पैसे भरतो, रजा काढून सुनावणीला जातो आणि त्या बदल्यात आपल्या म्हणण्याचा विचार होईल, अशी रास्त अपेक्षा ठेवतो. उपाहारगृहांची आणि मोबाइलची परीक्षणे आपण रोज वाचतो. ज्या सेवेवर आपल्या शेजारच्या भूखंडावर किती मजले चढणार हे अवलंबून असते, तिचे परीक्षण मात्र सहसा कोणी लिहीत नाही. आमची भूखंडधारकांची सहकारी गृहरचना संस्था आहे आणि तिच्या व्यवस्थापक समितीचा सदस्य या नात्याने ही सेवा मी शहराच्या व राज्याच्या अशा दोन्ही पातळ्यांवर वापरली आहे. शहराचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण इतर शहरांतील संस्थांच्या पदाधिकाऱ्यांशी बोलल्यावर त्यांचा अनुभवही फारसा वेगळा नसल्याचे दिसले.

माझे मत आधीच सांगून टाकतो. हरकत स्वीकारण्याचे काम ही सेवा व्यवस्थित करते. त्या हरकतीचे पुढे काय झाले, हे हरकतदाराला सांगण्याचे काम ती जवळपास करतच नाही. बाकीच्या त्रुटी चालवून घेता येण्याजोग्या आहेत, ही एक नाही.

प्रथम सेवेचे स्वरूप, कारण बाहेरून एकच वाटणाऱ्या या सेवेला दारे अनेक आहेत. संपूर्ण शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा कलम २६ अन्वये हरकती मागवल्या जातात आणि कलम २८ नुसार नेमलेली नियोजन समिती त्यांवर सुनावणी घेते. मंजूर आराखड्यात किंवा नियमावलीत फेरबदल करायचा असेल, तर कलम ३७ लागू होते. त्यात सूचनेच्या दिनांकापासून एक महिन्याची मुदत मिळते. असा फेरबदल महानगरपालिका सुचवू शकते, किंवा ३७ (१कक) खाली शासन स्वतःच त्याची सूचना काढू शकते. रस्त्याची रेषा बदलून रुंदी वाढवायची असेल, तर तो विषय आणखी वेगळा; तो महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली येतो. सामान्य माणसाला यातले काहीच ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही. परंतु चुकीच्या कलमाखाली, चुकीच्या कार्यालयात अर्ज केला, तर तो अर्ज ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरतो आणि महिनाभराची मुदत मधल्या मध्ये संपून जाते. कोणत्या बदलासाठी कोठे जावे, हे सांगणारे साधे एक पानही कार्यालयाच्या दर्शनी भागात आढळले नाही.

जाहीर सूचनेचा भाग सर्वांत कच्चा आहे. कायद्याला अपेक्षित असलेली प्रसिद्धी होते, हे मान्य करायला हवे: शासन राजपत्रात सूचना येते, वर्तमानपत्रांत येते, बहुधा संकेतस्थळावरही येते. वर्तमानपत्रातली सूचना आतल्या पानावर निविदांच्या आणि नावबदलाच्या जाहिरातींच्या शेजारी, भिंगाखाली वाचावी अशा अक्षरांत छापलेली असते. ‘तमाम नागरिकांना कळविण्यात येते की’ येथून सुरू झालेले वाक्य, मूळ अधिसूचनेचा क्रमांक, तिचा दिनांक, त्यातील दुरुस्तीचा क्रमांक आणि त्या दुरुस्तीच्या शुद्धिपत्रकाचा क्रमांक ओलांडत पुढे जाते आणि शेवटी ‘विनियम क्रमांक अमुकमध्ये खालीलप्रमाणे फेरबदल प्रस्तावित आहे’ येथे थांबते. त्या बदलाने वाचणाऱ्याच्या घरावर, गल्लीवर किंवा विहिरीच्या पाण्यावर नेमका काय परिणाम होणार, याबद्दल त्यात अवाक्षर नसते.

हा दोष किती महाग पडतो, हे एका उदाहरणावरून पाहता येईल. मुंबई आणि काही वगळलेली क्षेत्रे सोडून उर्वरित राज्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. तिच्या मूळ तक्त्यानुसार मोठ्या महानगरपालिकांमधील गावठाणाबाहेरच्या, विरळ वस्तीच्या भागात नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरील भूखंडाला मूळ एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते, ते प्रमाण) १.१० मिळतो आणि त्यावर अधिमूल्याचा (जादा रक्कम भरून मिळणारा) किंवा टीडीआरचा (दुसऱ्या जागेवरून हस्तांतरित केलेल्या विकास हक्काचा) एफएसआय मिळत नाही. तोच रस्ता नऊ मीटरचा झाला, की अधिमूल्य भरून ०.५० आणि टीडीआर वापरून ०.४० अशी भर पडून कमाल मर्यादा २.०० होते. त्याखेरीज निवासी बांधकामाला अधिमूल्य भरून या एफएसआयच्या ६० टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र मिळते. म्हणजे ५०० चौरस मीटरच्या भूखंडावर अरुंद रस्त्याच्या कडेला कागदावर सुमारे ८८० चौरस मीटर बांधकाम बसते, तर रस्त्याची नोंद नऊ मीटर अशी झाल्यावर तेच १,६०० चौरस मीटरपर्यंत जाऊ शकते. सामासिक अंतरे (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), उंची आणि पार्किंगच्या अटी यांमुळे प्रत्यक्ष आकडा बदलेल. फरकाचे प्रमाण मात्र ध्यानात येण्यास एवढे पुरे आहे. आता ज्या सूचनेत केवळ ‘सहा मीटर रुंदीच्या रस्त्याची नियमित रेषा नऊ मीटर करणे’ एवढेच छापलेले असते, ती वाचून आपल्या शेजारच्या दुमजली बंगल्याच्या जागी काय उभे राहू शकते, हे कोणाच्या ध्यानात येणार? रुंदीकरणाची सूचना म्हटल्यावर माणूस कुंपणाची भिंत दीड मीटर आत घ्यावी लागेल, एवढाच विचार करतो आणि गप्प बसतो.

पुण्यात २०२० मध्ये नेमका असाच प्रस्ताव आला होता. सहा मीटर रुंदीचे ३२३ रस्ते कलम २१० खाली नऊ मीटर करण्याचा तो विषय होता, तोही करोनाच्या काळातील. त्यावर चर्चा झाली ती प्रामुख्याने टीडीआर कोणाला वापरता येणार आणि ठरावीकच रस्ते का निवडले, या अंगाने. वर्तमानपत्रे आणि नागरी संघटना यांनी तो अर्थ उलगडून सांगितला म्हणून लोकांना तो कळला. सूचनेच्या मजकुरावर अवलंबून राहिले असते, तर कळला नसता. एक गोष्ट येथे नमूद करण्याजोगी वाटते. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यातील कलम २९७ मध्ये रस्त्याची नवी रेषा ठरवण्यापूर्वी आयुक्तांच्या सहीची विशेष सूचना त्या रस्त्यावरच लावली पाहिजे, असे म्हटले आहे. ज्या गल्लीचे नशीब बदलणार आहे त्या गल्लीत कागद चिकटवा, ही अपेक्षा आजही तेवढीच रास्त आहे. संकेतस्थळावर पीडीएफ चढवली म्हणजे ती पुरी होत नाही. आमच्या गल्लीतल्या विजेच्या खांबावर क्लासच्या आणि पाण्याच्या टाक्या धुण्याच्या जाहिराती नियमाने लागतात. नगररचनेची सूचना मात्र तेथे कधी दिसली नाही.

कागदपत्रांची उपलब्धता हा त्यापुढचा टप्पा. येथे गेल्या दहा वर्षांत सुधारणा झाली आहे. पूर्वी नकाशा पाहायचा म्हणजे कार्यालयीन वेळेत जाऊन, भिंतीवर लावलेल्या भल्या मोठ्या कागदावर आपला सिटी सर्व्हे नंबर शोधावा लागे, आणि प्रत हवी असल्यास चलन भरून चार दिवसांनी पुन्हा जावे लागे. आता बहुतेक ठिकाणी भाग नकाशे संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. तथापि प्रस्तावाबरोबर असायला हव्यात अशा दोन गोष्टी तेथे नसतात. एक म्हणजे विद्यमान आणि प्रस्तावित तरतूद शेजारी शेजारी दाखवणारा तक्ता; शासनाच्या काही सूचनांना तो असतो, महानगरपालिकेच्या सूचनांना क्वचितच. दुसरी म्हणजे हा बदल का करायचा याची टिपणी. पाणी, मलनिस्सारण आणि वाहतूक यांवर वाढीव बांधकामाचा किती भार येईल, याचा कोणी हिशेब मांडला असेल, तर तो हरकत मागवतानाच लोकांसमोर ठेवला पाहिजे. त्या हिशेबाशिवाय मागवलेली हरकत भावनेच्या भरात लिहिली जाते आणि मग सुनावणीत ‘आपला मुद्दा तांत्रिक स्वरूपाचा नाही’ असे ऐकून घ्यावे लागते. नियमावलीचा मूळ मजकूर इंग्रजीत आणि त्यावरची सूचना कार्यालयीन मराठीत, ही अडचणही आहेच. आमच्या संस्थेतील सेवानिवृत्त शिक्षकांना दोन्ही वाचता येतात, परंतु दोन्ही एकत्र ठेवून अर्थ लावण्यासाठी वास्तुविशारदाकडे जावे लागले.

हरकत दाखल करण्याच्या टप्प्याला मी चांगले गुण देईन. आवक-जावक विभागातील लिपिकाने अर्ज घेताना कोणताही प्रश्न विचारला नाही, दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का मारून आवक क्रमांक घातला आणि दिनांकाखाली सही केली. विहित नमुन्याची सक्ती नव्हती, शुल्क नव्हते, मालकीचा पुरावा मागितला गेला नाही. कलम ३७ मध्ये ‘कोणत्याही व्यक्तीकडून’ हरकती मागवण्याची भाषा आहे, त्यामुळे भाडेकरूही अर्ज करू शकतो; आमच्या गल्लीतील भाडेकरूंनी तो केला आणि तो स्वीकारला गेला. ई-मेलने पाठवलेल्या हरकतीला मात्र क्रमांक मिळण्यास विलंब झाला. म्हणून कागदी प्रत स्वतः नेऊन देणे आणि पोच घेणे हाच मार्ग मी सुचवेन.

आता सुनावणी. या भागाविषयी सविस्तर लिहितो, कारण नागरिकाचा सेवा देणाऱ्याशी समोरासमोर संबंध फक्त येथेच येतो. शासनाने काढलेल्या फेरबदलाच्या सूचनांसाठी विभागाच्या नगररचना सहसंचालकांना सुनावणी अधिकारी नेमण्याची पद्धत आहे. महानगरपालिकेच्या पातळीवर ते काम तेथील अधिकारी करतात. आमच्या गल्लीच्या रुंदीकरणाबाबत आम्हाला आलेल्या पत्रात सकाळी अकराची वेळ होती आणि तीच वेळ व्हरांड्यात बसलेल्या सर्वांच्या पत्रात होती. बाके भरलेली, पंखा एक, दाराशी शिपाई नावे पुकारतो आहे आणि पुकारलेले आजोबा पाणी प्यायला गेलेले, असे दृश्य होते. पाळी आली तेव्हा दुपार झाली होती. आत गेल्यावर अधिकाऱ्यांनी बसायला सांगितले, अर्जाची प्रत समोर ठेवली आणि ‘थोडक्यात सांगा’ म्हणाले. त्यांचे वागणे सौजन्याचे होते, हे आवर्जून नोंदवतो. आमच्या संस्थेच्या प्रमुखांनी गल्लीचा हाताने काढलेला नकाशा पुढे केला. त्यात सध्याच्या जलवाहिनीचा व्यास, उन्हाळ्यातील टँकरच्या फेऱ्या आणि अग्निशमन गाडी कोणत्या वळणावर अडते, हे दाखवले होते. अधिकाऱ्यांनी त्या वळणाबद्दल दोन नेमके प्रश्न विचारले. याचा अर्थ ते ऐकत होते.

परंतु त्यांनी लिहून काय घेतले? शेजारच्या सहायकासमोर एक तक्ता होता: अनुक्रमांक, हरकतदाराचे नाव, हरकतीचा सारांश, अभिप्राय. आमच्या दोन पानी अर्जाचा आणि नकाशाचा सारांश त्यात ‘रस्ता रुंदीकरणास विरोध’ एवढाच आला. वस्तुतः आमचा विरोध रुंदीकरणाला नव्हताच. जलवाहिनी आधी बदला आणि मग वाढीव बांधकामाला परवानगी द्या, एवढीच आमची सूचना होती. हरकत आणि सूचना हे दोन वेगळे प्रकार कायद्याने मुद्दाम एकत्र मागवलेले असताना, तक्त्यातील सारांशाच्या खणात मात्र ‘विरोध’ किंवा ‘समर्थन’ एवढेच भरले जाते. हजेरीच्या कागदावर सही घेतली गेली. सारांशाची नोंद बरोबर आहे का, हे विचारले गेले नाही. न्यायालयात साक्षीदाराला त्याचा जबाब वाचून दाखवतात. येथे तेवढी एक सोय केली, तरी या सेवेचा दर्जा पुष्कळ वाढेल आणि त्यासाठी ना कायदा बदलावा लागेल ना पैसा लागेल.

सुनावणी कोण घेतो, याचाही विचार व्हायला हवा. विकास आराखड्याच्या वेळी नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि त्यांच्या जोडीला बाहेरचे जाणकार असतात. राजकीय आणि तांत्रिक अशा दोन्ही नजरांनी हरकत पाहिली जावी, हा त्यामागचा हेतू दिसतो. छोट्या फेरबदलांच्या वेळी अशी समिती नसते. २०२२ पासून राज्यातील बहुतेक महानगरपालिकांत प्रशासकांचा कारभार होता, तेव्हा तर प्रस्ताव मांडणारा विभाग ज्यांच्या हाताखाली, त्यांनीच सर्वसाधारण सभेचे अधिकार वापरून त्याला मंजुरी द्यायची, अशी स्थिती होती. नगरसेवक नसल्याने हरकतदाराला दाद मागण्यासाठी जे एक ओळखीचे दार असते, तेही त्या काळात बंद होते. नगरसेवकांविषयी आपली मते काहीही असोत, सुनावणीच्या व्हरांड्यात त्यांची उणीव जाणवते.

सुनावणीनंतर जे घडते, किंवा घडत नाही, तो या परीक्षणाचा मुख्य मुद्दा आहे. अहवाल वर जातो. संचालक, नगररचना यांचा अभिप्राय घेतला जातो. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, राजपत्रात मंजुरीची अधिसूचना निघते. तीत नागरिकांच्या वाट्याला एक वाक्यांश येतो: प्राप्त हरकती व सूचना विचारात घेऊन. किती आल्या, कोणत्या मान्य झाल्या, कोणत्या का फेटाळल्या, याचा उल्लेख त्यात नसतो. हरकतदाराला स्वतंत्र पत्र येत नाही. आम्ही सुचवलेली जलवाहिनीची अट मान्य झाली नाही, हे आम्हाला अधिसूचना वाचून समजले. ती का मान्य झाली नाही, हे आजतागायत समजलेले नाही. कदाचित कारण भक्कम असेल. जलवाहिनीचे काम दुसऱ्या योजनेत आधीच धरलेले असू शकते आणि तसे एका ओळीत कळवले असते, तर आमची काही तक्रार राहिली नसती.

कारणे देण्याची जबाबदारी नवी नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मध्ये, लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणे आखताना त्यासंबंधीची सर्व वस्तुस्थिती प्रसिद्ध करावी आणि प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना द्यावीत, असे दोन स्वतंत्र पोटकलमांत म्हटले आहे. कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता करायच्या या गोष्टी आहेत. केंद्र शासनाने कायदे करण्यापूर्वीच्या लोकविचारविनिमयासाठी २०१४ मध्ये जे धोरण ठरवले, त्यातही आलेल्या अभिप्रायांचा गोषवारा संकेतस्थळावर ठेवण्याची अपेक्षा आहे. ते धोरण केंद्रीय मंत्रालयांसाठी असले, तरी त्याचा कित्ता गिरवायला राज्याला कोणी अडवलेले नाही.

याहून अवघड जाते ते कलम १५४ चे प्रकरण. या कलमाखाली शासन नियोजन प्राधिकरणांना निदेश देऊ शकते, आणि नियमावलीतील काही फेरबदलांच्या बाबतीत असे दिसते, की ३७ (१कक) ची हरकती मागवणारी सूचना निघते तेव्हाच कलम १५४ चा निदेशही निघतो, ज्यायोगे प्रस्तावित बदल अंतिम मंजुरीची वाट न पाहता तात्काळ अमलात येतो. तातडीची कारणे असू शकतात, हे मान्य. पण नागरिकाच्या बाजूने पाहिले, तर जेवण वाढून, ताटे उचलून झाल्यावर काय काय खायला आवडेल असे विचारण्यासारखे हे आहे. महिनाभराची मुदत कागदावर शाबूत राहते. मधल्या काळात नव्या तरतुदीनुसार बांधकाम परवानग्याही मिळू लागतात.

या सेवेचा कधीच उपयोग होत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुंबईचा २०३४ पर्यंतचा प्रारूप विकास आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्यातील चुका, वारसा स्थळांच्या नोंदींतील गोंधळ आणि काही भागांत आठपर्यंत सुचवलेला एफएसआय यांवर एवढा गदारोळ झाला, की एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो नव्याने तयार करण्याचे आदेश दिले. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला, मंजुरी २०१८ मध्ये मिळाली आणि त्यावर्षी १ सप्टेंबरपासून नवी नियमावली लागू झाली. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर २०१३ मध्ये सुमारे ८७ हजार हरकती आल्या. पुढे २०१५ मध्ये शासनाने तो आराखडा आपल्या ताब्यात घेतला आणि जानेवारी २०१७ मध्ये तो मंजूर झाला. पुणे महानगर प्रदेशाच्या २०२१ मधील प्रारूप आराखड्यावर साठ हजारांहून अधिक हरकती आल्या, सुनावण्या झाल्या आणि २०२५ मध्ये शासनाने तो आराखडाच रद्द केला. तिन्ही उदाहरणांत बदल झाला तो मोठ्या संख्येमुळे, वर्तमानपत्रांमुळे आणि राजकीय दबावामुळे. यांतील एका हरकतीला तिच्या गुणावर काय उत्तर मिळाले, हे विचारले तर हजारो हरकतदारांपैकी फार थोड्यांना सांगता येईल. हजारोंच्या सुनावण्या घेऊन अखेर आराखडाच रद्द होतो, तेव्हा त्या सुनावण्यांत गोळा झालेल्या स्थानिक माहितीचे काय होते, हाही प्रश्न राहतो. कोणता नाला नकाशात चुकला आहे, कोणती विहीर गावाची आहे, हे त्या अर्जांत लिहिलेले असते. पुढच्या आराखड्याने ते पुन्हा शून्यापासून विचारायचे, हा शुद्ध अपव्यय आहे.

तुलनेसाठी गोव्याकडे पाहणे उपयोगाचे ठरेल. प्रादेशिक आराखडा २०११ जनआंदोलनानंतर २००७ च्या आरंभी मागे घ्यावा लागल्यावर तेथे २०२१ चा आराखडा करताना मसुदे ग्रामपंचायतींकडे पाठवून गावागावांतून अभिप्राय घेतले गेले. विचारण्याची ती रीत आपल्याकडच्यापेक्षा सरस होती, कारण प्रश्न ज्या गावाचा, त्या गावात तो विचारला गेला. पुढे तेथेच, २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात घातलेल्या १७ (२) या कलमाचा आधार घेऊन वैयक्तिक भूखंडांचे भूवापर विभाग बदलले जाऊ लागले, तेव्हा लोकांना विचारण्याची पायरीच गाळली गेल्याची टीका झाली आणि मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या कलमाखालील नियम रद्द केले. चांगली रीत एकदा रूढ झाली म्हणजे ती टिकते, असा भरवसा तेथेही देता येत नाही.

असे सगळे असताना ही सेवा वापरावी का? वापरावी. हरकत दाखल करण्यास शुल्क नाही, पोच मिळते, आणि पुढे न्यायालयात जाण्याची वेळ आली, तर मुदतीत दाखल केलेली हरकत हाच आपल्या बाजूचा पहिला कागद असतो. ज्यांना आपल्या भागातील बदलाविषयी ठोस, स्थानिक माहिती आहे त्यांना तिचा सर्वाधिक उपयोग होईल. केवळ नाराजी नोंदवायची असेल, तर व्हरांड्यातील अर्धा दिवस वाया गेल्यासारखा वाटेल. पाचपैकी किती, असे कोणी विचारले, तर मी दोन गुण देईन: एक आवक विभागाला आणि एक ऐकून घेणाऱ्या अधिकाऱ्यांना. सारांश वाचून दाखवण्याची आणि प्रत्येक हरकतीसमोर मान्य किंवा अमान्य, व त्याचे कारण, असा तक्ता संकेतस्थळावर ठेवण्याची पद्धत सुरू झाली, तर चार देण्यास हात आखडणार नाही.

वापरणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. अर्जाच्या पहिल्याच ओळीत सूचनेचा क्रमांक, दिनांक आणि कलम लिहावे. ‘विरोध आहे’ असे न लिहिता, कोणत्या विनियमातील कोणते शब्द गाळावेत किंवा कोणती अट जोडावी, ते लिहावे. शक्य असल्यास पर्यायी मजकूर स्वतःच द्यावा, म्हणजे सारांश करणाऱ्याला तो मोडता येणार नाही. संपूर्ण गल्लीने एकाच नमुन्यावर सह्या करण्यापेक्षा प्रत्येकाने आपल्या भूखंडाचा तपशील घालून वेगळा अर्ज करावा, कारण एकसारखे अर्ज तक्त्यात एकाच अनुक्रमांकाखाली एकत्र केले जातात. प्रत्यक्ष सुनावणीची मागणी अर्जातच लेखी नोंदवावी. सुनावणीत दिलेल्या नकाशाच्या किंवा छायाचित्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी आणि जे बोलले ते त्याच दिवशी लेखी निवेदन म्हणून आवक विभागात द्यावे, म्हणजे ‘थोडक्यात सांगा’ मध्ये जे राहून गेले तेही फायलीत जाईल. मंजुरीची अधिसूचना निघाल्यावर सुनावणी अहवालाची आणि आपल्या अर्जावरील अभिप्रायाच्या पानाची प्रत माहितीच्या अधिकारात मागावी. अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तर देण्याची मुदत तीस दिवसांची आहे. आमच्या संस्थेचा तो अर्ज सध्या तेथेच आहे.